बोचोर्नो : उकाडा आणि शरम सांगणारा एकच शब्द

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सांगलीत दुपारी चारच्या सुमारास हवा अशी थबकते की, कृष्णाकाठच्या पिंपळाचे पानदेखील हलत नाही. आभाळ निळे नसते, पांढुरके असते. ऊन एप्रिलइतके टोचत नाही, पण अंगातला सदरा पाठीला चिकटून बसतो, पंखा गरम हवाच फिरवत राहतो आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला तरी जीव शांत होत नाही. अशा वेळी आमच्याकडे ‘ऊन फार आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘नुसतं गदमदतंय’ असे म्हणतात, आणि म्हणता म्हणता माणूस आभाळाकडे पाहतो, कारण असे गदमदून आले की संध्याकाळी वळीव येण्याची आशा असते.

या हवेसाठी स्पॅनिश भाषेत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘बोचोर्नो’. भर दुपारी घराबाहेर पाऊल टाकताच स्पॅनिश बोलणारा माणूस ‘के बोचोर्नो!’ असे उद्गारतो, म्हणजे ‘काय हा उकाडा!’ चारचौघांत आपले काही चुकले, नको ते तोंडून गेले, तर त्या वेळीही तो ‘के बोचोर्नो!’ असेच म्हणतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘काय ही शरमेची गोष्ट!’ असा होतो. विद्यार्थी आपल्या वहीत या शब्दापुढे ‘उकाडा, लाज’ अशी नोंद करतात, ती पाठ करतात आणि पंधरा दिवसांनी त्यातला दुसरा अर्थ विसरून जातात. स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना बसवलेले असे अर्थ कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. ते एकमेकांना जिथे भेटतात ती जागा दाखवली, की मग पाठांतराची गरज उरत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून या लेखात मी त्या जागेपर्यंत जाणार आहे.

आधी उच्चार पक्का करू. देवनागरीत ‘बोचोर्नो’ लिहिले की मराठी वाचकाची नजर मधल्या ‘चोर’ या अक्षरांवर जाते आणि जीभ आपोआप ‘चोर’, ‘चाक’, ‘चमक’ या शब्दांतला दंततालव्य च उच्चारते. स्पॅनिशमध्ये हा च नाही. तिथे ‘चहा’, ‘चिंच’, ‘चेहरा’ यांतला तालव्य च हवा. लिहिताना ‘बोच्योर्नो’ असे लिहिले तर मराठी माणसाकडून उच्चार जवळजवळ बरोबर होईल. आघात मधल्या अक्षरावर येतो. तिन्ही ‘ओ’ आखूड असतात, ते लांबवायचे नाहीत. शब्द पुल्लिंगी आहे, आणि योगायोगाने आपला ‘उकाडा’ही पुल्लिंगी आहे, त्यामुळे ‘मुचो बोचोर्नो’ म्हणजे ‘फार उकाडा’ असे विशेषण जुळवताना मराठी विद्यार्थी चुकत नाहीत.

स्पॅनिश भाषेची राजअकादमी १७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झाली आणि तिचा कोश हा त्या भाषेतला अधिकृत संदर्भ मानला जातो. या कोशात ‘बोचोर्नो’चे अर्थ ज्या क्रमाने दिलेले आहेत, तो क्रमच बोलका आहे. उन्हाळ्यात उठणारी गरम, त्रासदायक हवा हा पहिला अर्थ. गुदमरवून टाकणारी उष्णता हा त्यानंतरचा, आणि ती बहुधा वारा पडलेल्या वेळी किंवा अति जाळामुळे जाणवते, असे त्यात स्पष्ट केलेले आहे. पुढे चेहऱ्याला क्षणभर चढणारी लाली येते. आणि मग अपमानास्पद किंवा लाजिरवाण्या गोष्टीमुळे मनाला होणारी तगमग येते. म्हणजे वारा, मग उष्णता, मग चेहरा, मग मन, असा बाहेरून आत जाणारा रस्ता कोशाच्या एकाच नोंदीत आखलेला आहे. त्यात उडी कुठेही नाही. प्रत्येक अर्थ आधीच्या अर्थाला चिकटून आहे.

या रस्त्याची सुरुवात वाऱ्यापासून का होते, हे शब्दाच्या जन्मकथेत सापडते. ‘बोचोर्नो’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘वुल्तुर्नुस’पासून आलेला आहे, आणि ते एका वाऱ्याचे नाव होते. रोमन लोक आग्नेयेच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला हे नाव देत असत. ‘वुल्तुर्नुस’चा ‘बोचोर्नो’ झाला, हे ऐकायला अवघड वाटते, पण स्पॅनिशच्या घडणीत हा बदल नियमानेच होतो. लॅटिनमधल्या ‘उल्त’ या ध्वनिसमूहाचा स्पॅनिशमध्ये अनेकदा ‘उच’ होतो: ‘मुल्तुम’चे ‘मुचो’, म्हणजे ‘पुष्कळ’, झाले आणि ‘औस्कुल्तारे’चे ‘एस्कुचार’, म्हणजे ‘ऐकणे’, झाले. प्राकृतातून मराठीत येताना ‘हस्त’चा ‘हात’ आणि ‘सप्त’चे ‘सात’ कसे झाले, हे ज्यांनी शाळेत वाचले आहे, त्यांना या वाटेची ओळख करून देण्याची गरज नाही.

या वाऱ्याचे एक जुने वर्णन मला फार महत्त्वाचे वाटते. इ. स. पू. २१६ मध्ये इटलीतल्या कान्नाए येथे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्याचा दारुण पराभव केला. रोमन इतिहासकार लिव्ही याने त्या लढाईबद्दल लिहिताना सांगितले आहे की, त्या प्रदेशातले लोक ज्याला वोल्तुर्नुस (म्हणजे वुल्तुर्नुसच) म्हणत, तो वारा रोमन सैनिकांच्या समोरून उठला आणि त्याने त्यांच्या तोंडावर धुळीचे लोट फेकले, त्यामुळे त्यांना पुढचे दिसेनासे झाले. शरमेचा अर्थ या लढाईतून निघाला, असे मी सुचवत नाही. तसा पुरावा नाही. मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेल्या इतक्या जुन्या उल्लेखातही हा वारा माणसाच्या चेहऱ्यावर येऊन आदळतो, हे शिकणाऱ्याने लक्षात ठेवावे, कारण पुढे या शब्दाचे सगळे अर्थ चेहऱ्याभोवतीच फिरणार आहेत.

वाऱ्याचा मूळ अर्थ आजही पुरता मेलेला नाही. ईशान्य स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यात, सारागोसा शहराच्या परिसरात, दोन वारे लोकांच्या रोजच्या बोलण्यात असतात. वायव्येकडून येणारा कोरडा, गार, जोरकस वारा म्हणजे ‘सिएर्सो’, आणि त्याच्या उलट दिशेने, आग्नेयेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारा उबदार वारा म्हणजे ‘बोचोर्नो’. बाकीच्या स्पॅनिश जगात मात्र वारा गळून पडला आणि वारा नसतानाची घुसमट तेवढी शिल्लक राहिली. वाऱ्याच्या नावाने सुरू झालेला शब्द वारा पडल्याची तक्रार करू लागला, हा अर्थबदल मला त्या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आता उकाड्याकडे येऊ. स्पॅनिशमध्ये साध्या उष्णतेला ‘कालोर’ म्हणतात आणि कालोर व बोचोर्नो यांत जो फरक आहे, तो सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सांगून समजावण्याची फारशी गरज नाही, कारण तो फरक आपल्याकडे एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना अंगावर अनुभवता येतो. जतच्या माळावरचे एप्रिलमधले ऊन भाजते, ओठ फुटतात, पण घाम आला आला म्हणेपर्यंत वाळून जातो. हा झाला कालोर. सांगलीत नदीकाठी मे महिन्याच्या अखेरीस पारा त्याहून खाली असतो आणि तरीही माणूस हैराण होतो. हा झाला बोचोर्नो. थर्मामीटर याचा उलगडा करू शकत नाही, कारण प्रश्न हवेतल्या बाष्पाचा आहे.

३५ अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ४० ग्रॅमच्या आसपास बाष्प सामावून घेऊ शकते. आर्द्रता २० टक्के असेल, तर त्यात बाष्प फक्त ८ ग्रॅम असते आणि आणखी ३२ ग्रॅमला जागा शिल्लक राहते; आर्द्रता ६० टक्के असेल, तर २४ ग्रॅम बाष्प आधीच भरलेले असते आणि जागा निम्म्यावर येते. शरीराला गारवा मिळतो तो घाम अंगावरून उडून गेल्याने, नुसता वाहिल्याने नाही. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून घेऊन जातो. तोच घाम थेंबांनी गळून फरशीवर पडला, तर शरीराला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. त्यात वारा पडलेला असेल, तर त्वचेलगतचा बाष्पाने भरलेला हवेचा थर जागचा हलत नाही, आणि पुढचा घाम वाळायला अडवणूक होते. कोशाने ‘वारा पडलेल्या वेळी’ असे शब्द अर्थात घातले आहेत, ते यासाठीच.

हीच गोष्ट तासगाव आणि कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडवर काम करणारा माणूस वेगळ्या कारणाने जाणतो. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढून जाळीच्या रॅकवर पसरतात आणि सावलीत, खेळत्या वाऱ्यावर वाळू देतात. त्या दोन-अडीच आठवड्यांत त्याची नजर पाऱ्यापेक्षा वाऱ्याच्या कोरडेपणावर असते. कोरडी गरम हवा मिळाली तर मण्यातले पाणी उडून जाते आणि हिरवट-पिवळा, चमकदार बेदाणा तयार होतो. मध्येच ढग आले, हवा दमट झाली आणि वारा पडला, तर माल काळा पडतो आणि भाव उतरतो. ज्या हवेत द्राक्ष नीट वाळते ती कालोरची, आणि ज्या हवेत ते रॅकवर नुसते ओलसर बसून राहते ती बोचोर्नोची, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. आमच्या भागातल्या मुलांना यापेक्षा चांगली खूण देता येणार नाही, कारण निम्म्याहून अधिक मुलांच्या नात्यात कुठे ना कुठे द्राक्षबाग असते.

अशा हवेत शरीर आणखी एक उपाय करते. आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त पृष्ठभागाकडे धाव घेते. चेहऱ्याच्या त्वचेत या वाहिन्यांचे जाळे दाट आणि वरच्या थरात असते, म्हणून चेहरा आणि कान आधी तापतात व लाल होतात. आता शरमेच्या प्रसंगी काय होते ते पाहा. इच्छेच्या ताब्यात नसलेली मज्जासंस्था चालू होते, चेहऱ्यातल्या याच रक्तवाहिन्या रुंदावतात, कानशिले तापतात, कपाळावर घाम येतो आणि श्वास अडखळतो. कारण वेगळे असते, पण चेहऱ्यावर जे घडते ते जवळजवळ एकसारखेच. बाहेरच्या कोणी फक्त चेहरा पाहिला, तर हा माणूस उन्हातून आला आहे की त्याची फजिती झाली आहे, हे त्याला पहिल्या क्षणी सांगता येणार नाही. हीच ती जागा, जिथे दोन अर्थ भेटतात. हवामानाचा शब्द शरमेसाठी उसना घेतला, असे म्हणण्यापेक्षा चेहऱ्याच्या तापण्याला एक नाव मिळाले आणि ते तापणे कशामुळे झाले हे भाषेने प्रसंगावर सोपवले, असे म्हणणे अधिक बरोबर आहे.

चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या भावनांविषयीच्या ग्रंथात लाजेने लाल होण्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिलेले आहे. बहुतेक माणसांत चेहरा, कान आणि मान एवढेच भाग लाल होतात, अशी नोंद त्याने केली, आणि इतर लोक आपल्याविषयी काय विचार करत असतील या विचाराने ही लाली येते, असे प्रतिपादन केले. बोचोर्नो या शब्दाचा शरमेचा अर्थ नेमका याच मर्यादेत राहतो. त्याला प्रेक्षक लागतात, निदान मनात कल्पिलेले तरी. एकट्याने केलेल्या चुकीची रात्री अंथरुणावर वाटणारी खंत बोचोर्नो नसते. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी इथेच ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. अशा गावात वाढलेल्या माणसाने शाळेच्या स्नेहसंमेलनात तरी रंगमंचावर पाऊल ठेवलेले असतेच. दिव्यांचा उष्मा, बंद सभागृह, तोंडावर चढवलेला रंग, आणि ऐन वेळी आपले वाक्य आठवत नाही. समोर माणसे बसलेली आहेत. त्या अर्ध्या मिनिटाला दोन्ही अर्थांनी बोचोर्नो म्हणता येईल, आणि तेव्हा यातला कुठला अर्थ आपल्याला घाम फोडतो आहे, हे त्या मुलाला स्वतःलाही कळत नाही.

मराठीत उष्णतेचे शब्द मनाकडे वळतात, पण ते बहुतेक दुसऱ्या वाटेने जातात. ‘तापणे’, ‘भडकणे’, ‘संताप’ हे सगळे रागाचे शब्द आहेत, आणि ‘रागाने लालबुंद’ हे तर आपण दिवसातून चार वेळा म्हणतो. शरमेचा रंग मात्र आपल्याकडे लाल नाही. फजिती झालेल्या माणसाचा चेहरा ‘गोरामोरा’ होतो, ‘पडतो’, आणि बदनामी झाली की तोंड ‘काळे’ होते. लाल होणे आपण गोड लाजेसाठी राखून ठेवले आहे, नववधूच्या गालांसाठी. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला बोचोर्नोमधली तापलेली शरम सुरुवातीला अनोळखी वाटते. तरीही आपल्या भाषेत तिचा एक नातेवाईक दडलेला आहे, तो ‘पश्चात्ताप’ या शब्दात. ‘पश्चात्’ म्हणजे नंतर, आणि ‘ताप’ म्हणजे उष्णता. म्हणजे घडून गेल्यानंतर आतून लागणारी धग. हा शब्द आपण इतका वापरतो की त्यातला ताप आपल्याला जाणवेनासा झाला आहे. फरक एवढाच की पश्चात्ताप नंतर येतो आणि एकांतात येतो, तर बोचोर्नो त्याच क्षणी येतो आणि लोकांसमोर येतो. ‘ओशाळणे’ आणि ‘खजील होणे’ या आपल्या क्रियापदांना प्रसंग तोच लागतो, पण त्यांत उष्णता नाही. म्हणून बोचोर्नोला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्याला मी सांगतो की, खजील माणसाला पश्चात्तापातला ताप चढवा, म्हणजे त्या शब्दापर्यंत पोहोचाल.

वाक्यात शब्द कसा बसवायचा, ते आता पाहू, आणि इथे मराठी माणसाला मोठी सवलत आहे. हवेबद्दल बोलताना ‘आसेर’, म्हणजे ‘करणे’, हे क्रियापद वापरतात: ‘आसे बोचोर्नो’. स्पेनच्या बऱ्याच भागात यातला स जीभ दातांमध्ये धरून उच्चारतात आणि तो ‘आथे’ असा ऐकू येतो. शब्दशः हे ‘उकाडा करतो’ असे होते, पण करणारा कोण, हे वाक्यात नसते. कर्ता नसलेले वाक्य इतरांना विचित्र वाटत असेल. आपण मात्र ‘उकडतंय’, ‘गदमदतंय’, ‘उजाडलं’ असे कर्त्याशिवाय रोजच बोलतो. शरमेबद्दल बोलताना ‘दार’, म्हणजे ‘देणे’, हे क्रियापद येते: ‘मे दा बोचोर्नो’, शब्दशः ‘मला शरम देते’. आपण ‘मला लाज वाटते’ म्हणतो तेव्हा लाज हा कर्ता असतो आणि माणूस ‘मला’ या चतुर्थीच्या रूपात एका बाजूला उभा असतो. स्पॅनिश वाक्याचीही रचना हीच आहे. शरम ही माणसाकडे बाहेरून येते, ही जाणीव दोन्ही भाषांच्या व्याकरणात आहे.

यावरून एक भरवशाची खूण मिळते. ‘आसे’ आले की हवा, ‘मे दा’ आले की शरम. ‘पासे उन बोचोर्नो’, म्हणजे ‘माझ्यावर शरमेची वेळ आली’, हे वाक्यही फजितीचेच असते. ‘कोन एस्ते बोचोर्नो’, म्हणजे ‘या उकाड्यात’, असे कोणी म्हणाले, तर ते बहुधा हवेविषयी असते. एकटा ‘के बोचोर्नो!’ हा उद्गार मात्र दोन्हीकडे जातो, आणि तो ऐकताना बोलणाऱ्याच्या हाताकडे पाहावे. हात पदराने किंवा वर्तमानपत्राने वारा घेत असेल तर एक अर्थ, तोंड झाकत असेल तर दुसरा.

विशेषणाच्या बाबतीत अधिक सांभाळावे लागते. आमच्या शेजारची एक मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी माझ्याकडे स्पॅनिश शिकायला येते. एका दुपारी वीज गेली होती, वही हातपंख्यासारखी हलवत ती आत आली आणि उशीर झाला म्हणून ओशाळून म्हणाली, ‘सोय बोचोर्नोसा’.

‘काका, बरोबर आहे ना? मला शरम वाटतेय असंच झालं ना?’

तिने ‘मी शरमलेली आहे’ असे म्हणायचे ठरवले होते आणि प्रत्यक्षात ‘मी लाजिरवाणी आहे’ असे ती म्हणाली होती. ‘बोचोर्नोसो’ किंवा स्त्रीलिंगी ‘बोचोर्नोसा’ हे विशेषण जी गोष्ट शरम आणते किंवा उकाडा करते तिला लागते, ज्याला शरम वाटते त्याला लागत नाही. ‘उना तार्दे बोचोर्नोसा’ म्हणजे घुसमटून टाकणारी दुपार. ‘उना देर्रोता बोचोर्नोसा’ म्हणजे लाजिरवाणा पराभव, आणि फुटबॉलच्या बातम्यांत हे शब्द वारंवार भेटतात. शरमलेल्या माणसासाठी ‘आबोचोर्नादो’ आणि स्त्रीसाठी ‘आबोचोर्नादा’ हे रूप आहे, आणि त्याआधी ‘सोय’ऐवजी ‘एस्तोय’ यावे लागते, कारण ही अवस्था तेवढ्यापुरती असते: ‘एस्तोय आबोचोर्नादा’. मराठीत ‘लाजिरवाणी’ आणि ‘ओशाळलेली’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेच हे अंतर आहे. ही तुलना सांगितल्यावर तिने ती चूक पुन्हा केलेली नाही.

‘एस बोचोर्नोसो’, म्हणजे ‘हे लाजिरवाणे आहे’, या वाक्याचे वजनही ओळखून असावे. ते सौम्य नाही. सार्वजनिक जीवनातल्या गैरकारभारावर, उघड अन्यायावर माणसे हे वाक्य उच्चारतात, आणि त्यात ज्याने केले त्याला शरम वाटत नाही, म्हणून ती पाहणाऱ्याला वाटते, असा भाव असतो. दुसऱ्याच्या वागण्याने आपल्याला वाटणाऱ्या लाजेला स्पॅनिशमध्ये ‘बेर्ग्वेन्सा आहेना’, म्हणजे ‘परकी लाज’, असा स्वतंत्र शब्दप्रयोगही आहे. ‘बेर्ग्वेन्सा’ हा लाजेचा सर्वसाधारण शब्द. बोचोर्नो ही त्यातली तीव्र, चटका देणारी छटा. रोजच्या किरकोळ संकोचासाठी बोचोर्नो वापरला, तर तो भडक वाटतो. त्यासाठी मेक्सिको, कोलंबिया वगैरे देशांत ‘के पेना’ म्हणतात, मात्र स्पेनमध्ये ‘के पेना’चा अर्थ ‘अरेरे, वाईट झाले’ असा होतो.

प्रदेशानुसार बदलणारा आणखी एक अर्थ इथे सांगायला हवा, कारण तो आरोग्याशी निगडित आहे आणि तो माहीत नसेल तर डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात गैरसमज होऊ शकतो. मेक्सिकोसह लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत ‘बोचोर्नोस’ हे अनेकवचन रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रियांना अचानक येणाऱ्या उष्णतेच्या लाटांसाठी वापरतात. छातीपासून मान आणि चेहऱ्यापर्यंत धग चढते, घाम फुटतो, आणि काही मिनिटांनी सगळे ओसरते. स्पेनमध्ये याला ‘सोफोकोस’ म्हणतात. ‘सोफोको’ या शब्दातही गुदमरणे आणि शरमेने कानकोंडे होणे हे दोन्ही अर्थ आहेत. आमच्याकडे बायका ‘अंगातून वाफा निघतात’ असे म्हणून हा विषय दबक्या आवाजात संपवतात, आणि कित्येकींना तो सांगायचीच लाज वाटते. ज्या भाषेत या त्रासाला राजरोस नाव आहे, तिथे दवाखान्यात तो सांगणे थोडे तरी सोपे होत असेल, असे मला मनापासून वाटते.

राहिले क्रियापद. ‘आबोचोर्नार’ म्हणजे उकाड्याने हैराण करणे किंवा शरमेने लाल करणे, आणि ‘आबोचोर्नार्से’ म्हणजे स्वतः तसे होणे. पण अकादमीच्या कोशात या दुसऱ्या रूपाला वनस्पतींसाठी एक खास अर्थ दिलेला आहे: अति उष्णतेने रोप आजारी पडणे. तो अर्थ मी शिकवला त्या दिवशी ती मुलगी एकदम उठून गॅलरीत गेली. तिथे मिरचीची चार रोपे कुंडीत लावलेली होती आणि दुपारच्या तापाने त्यांची पाने लोंबत होती.

‘काका, हे बघा, यांनी माना टाकल्यात,’ ती म्हणाली.

रोपे उन्हाने ‘माना टाकतात’ आणि शरमलेला माणूस ‘मान खाली घालतो’, हे दोन्ही वाक्प्रचार आपण जन्मभर वापरत असतो, तरी ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचे मला तोवर सुचले नव्हते. तिने वहीत लिहिले: ‘ला प्लान्ता से आबोचोर्नो’. मी तिला शेवटच्या ‘नो’वर आघाताची खूण करायला सांगितली, कारण नामात आघात ‘चोर’वर असतो आणि भूतकाळी क्रियापदात तो शेवटी जातो; ऐकताना सुरुवातीच्या ‘आ’बरोबर या आघातावरूनही नाम आणि क्रियापद वेगळे ओळखू येतात. मग तिने चारही कुंड्यांना तांब्याभर पाणी घातले आणि त्या सावलीत ओढल्या. सहा वाजता वारा सुटला, विश्रामबागेच्या बाजूने मातीचा वास आला, आणि वीज परत येण्याआधीच दोन रोपांनी मान वर काढली होती.